वाद होऊ द्या, विहाराला कुलूप नको

आपल्या भागात आता बौद्ध वस्ती तिथे विहार आणि विहार तिथे वाद, अशी परिस्थिती आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव शहर, कुठेही जा. एक गट म्हणतो, विपश्यना म्हणजे डोळे मिटून बसणं, चळवळ थंड करायचा उद्योग. दुसरा म्हणतो, ध्यान नाही, शील नाही, नुसत्या जयंतीच्या मिरवणुका म्हणजे धम्म का? परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणायची सुत्तं, झाल्यावर भंतेजींनी मनगटाला धागा बांधला की कुणीतरी उठून विचारतं, गंडेदोरे टाकून आलो ते यासाठीच का? कुणी मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जाऊन लामांच्या हातून गळ्यात खता, म्हणजे मानाचं पांढरं उपरणं, घालून घेतला, तर त्या फोटोवरून व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आठवडाभर पेटलेला असतो.

हे वाद वाईट आहेत असं मला वाटत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजानं धर्माच्या नावानं सांगितलेलं मान खाली घालून ऐकायचं सोडलं, म्हणूनच तो विचारतो, अडवतो, भांडतो. ते टिकलंच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. वाद सुरू होतो विचारावरून आणि येऊन थांबतो किल्लीवर. एका कमिटीच्या दोन कमिट्या होतात, एका जयंतीच्या दोन जयंत्या होतात, वर्गणीची पावतीपुस्तकं दोन निघतात आणि शेवटी विहाराच्या एकाच दाराला दोन कुलपं लागतात. मग प्रकरण पोलीस ठाण्यात जातं, तिथून तहसीलदारांकडे. संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसणाऱ्या पोरी घरी बसतात. माझं म्हणणं असं की, परंपरांमधले वाद उघड्यावर आणि पुरेपूर व्हावेत, पण विहार कुणा एका परंपरेच्या मालकीचा नसावा. आणि ही शिस्त लावायचा हक्क भंतेजींचा नाही, पुढाऱ्यांचा नाही, सरकारचा तर नाहीच. तो वस्तीतल्या उपासक-उपासिकांचा आहे आणि त्यांनी तो वापरलेला नाही.

सीमाभागापुरतं बोलायचं तर त्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांच्या आत धर्म बदलला, राज्य बदललं आणि बाप गेला. तेव्हापासून आपली सोयरीक कागल, गडहिंग्लज, चंदगडकडे आणि कागदपत्रं बंगळूरकडे. चळवळीशी नातं मात्र त्याच्याही आधीचं. १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली ती आपल्या निपाणीत. म्हणजे इथली माणसं चळवळीत उशिरा आलेली नाहीत. राज्य पुनर्रचनेनंतर ती संघटनांच्या नकाशावर कडेला पडली, एवढंच.

कडेला असल्यामुळे एक गोष्ट घडली. धम्म आपल्याकडे एकाच वाटेनं आला नाही. कोल्हापूर-पुण्याच्या रस्त्यानं भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य आले, श्रामणेर शिबिरं आली, इंग्रज भिक्खू संघरक्षितांच्या परंपरेतले त्रिरत्न बौद्ध महासंघाचे वर्ग आले आणि इगतपुरीची विपश्यनाही आली. बंगळूरच्या बाजूनं आचार्य बुद्धरक्खितांनी १९५६ मध्ये उभ्या केलेल्या महाबोधी सोसायटीचा थेरवाद, म्हणजे लंका-ब्रह्मदेशातली जुनी परंपरा, आला, आणि २००९ मध्ये कलबुर्गीचा भव्य बुद्धविहार झाल्यापासून कन्नड भाषक बौद्धांना आपलं म्हणावं असं एक ठिकाण मिळालं. हुबळीच्या पलीकडे मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथे ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे जुने मठ पुन्हा उभे राहिले. इतक्या परंपरा एका दिवसाच्या प्रवासात भेटतील असे भाग देशात फार नाहीत. आणि आपण काय केलं, तर मुंडगोडच्या लोकांशी आपली ओळख थंडीतल्या स्वेटरच्या दुकानापलीकडे नेलीच नाही.

त्यात संख्या. कर्नाटकात २००१ च्या जनगणनेत बौद्ध चार लाखांच्या आसपास नोंदले गेले होते, २०११ मध्ये एक लाखाच्याही आत. या घसरणीला कारणं अनेक असतील. माझ्या मते मोठं कारण दाखल्याची भीती हे आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं तर अनुसूचित जातीची सवलत जाईल, असं अजून घरोघरी बोललं जातं. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान दिलं, याला तीन दशकं उलटून गेली, तरी ही भीती जात नाही. घरातली माणसं कागदावरून गळत असताना आपण एकमेकांना विचारतो आहोत की खरा बौद्ध कोण.

खरा बौद्ध कोण, या प्रश्नावर दोन्ही बाजू बाबासाहेबांचंच नाव घेतात. म्हणून त्यांनी केलं काय ते नीट पाहू. दीक्षेच्या आदल्या दिवशी नागपुरात पत्रकारांशी बोलताना त्यांनी सांगितलं की, आपण बुद्धानं शिकवलेल्या तत्त्वांना धरून राहू, हीनयान-महायान या पंथांच्या जुन्या भांडणात लोकांना गुंतवणार नाही, याला हवं तर नवयान म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं ते कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थवीरांकडून. महास्थवीर ब्रह्मदेशातले, पक्के थेरवादी. त्यानंतर लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मात्र स्वतःच्या, जगातल्या कुठल्याच यानात नसलेल्या. नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषद भरली. तिथे सगळ्या देशांचे, सगळ्या यानांचे बौद्ध जमले होते, त्यांच्यात जाऊन ते बुद्ध आणि मार्क्स यावर बोलले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत दुःख आणि त्याचं निवारण सांगणारी चार आर्यसत्यं मूळची की मागाहून घातलेली, असा प्रश्न त्यांनी उघड विचारला आहे. या ग्रंथावर कोलकात्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात कडाडून टीका झाली. हा बुद्धाचा धम्म नव्हे, आंबेडकरांचा आहे, असा तिचा रोख होता.

हे सगळं एकत्र वाचलं की दोन्हीकडच्या कर्मठांना जागा उरत नाही. थेरवादी भिक्खूकडून शरण घेणारा माणूस इतर परंपरांना विहाराच्या बाहेर काढा म्हणाला नसता. आणि आर्यसत्यांवर प्रश्न टाकणारा माणूस, पालीत लिहिलंय म्हणून गप्प बसा, असंही म्हणाला नसता. स्वतःची वाट त्यांनी सोडली नाही आणि दुसऱ्याच्या पंगतीत बसायला नकारही दिला नाही.

इथे एक आक्षेप घेतला जातो. नवयान वेगळं आहे, ते मिसळून टाकलं तर त्याची धार जाईल. आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. ‘सगळे बौद्ध एकच’ हे वाक्य मला आवडत नाही, कारण ते खोटं आहे. पुनर्जन्माचा अर्थ काय, दुःखाचं मूळ माणसाच्या तृष्णेत की माणसानं माणसावर केलेल्या अन्यायात, भिक्खू समाजापासून दूर राहावा की समाजाच्या कामात असावा, या प्रश्नांवर परंपरांची उत्तरं वेगळी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे होतात. फरक झाकून ठेवले की ते किल्लीच्या भांडणातून बाहेर येतात. म्हणून ते आधी मांडले पाहिजेत.

फरक असून एकत्र राहणं आपल्या मातीला नवीन नाही. सातवाहनांच्या काळात गौतमी बलश्रीनं नाशिकचं लेणं भद्रायनीय निकायाच्या, म्हणजे उपपंथाच्या, भिक्खूंना दिलं. त्याच घराण्याच्या काळात कार्ल्याच्या लेण्याला गाव दान मिळालं ते महासांघिक निकायासाठी. त्याच कार्ल्याच्या चैत्यगृहात एक खांब आहे. तो दिला सोपाऱ्याहून आलेल्या धम्मोत्तरीय निकायाच्या एका भाणकानं, म्हणजे सुत्तं मुखपाठ म्हणणाऱ्या भिक्खूनं, आणि त्या खांबात धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवल्याचं लेख सांगतो. महासांघिकांच्या लेण्यात दुसऱ्या निकायाच्या भिक्खूनं दिलेला खांब आजही छत पेलून उभा आहे. पुढे सातव्या शतकात, बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत असताना, चिनी प्रवासी युआन श्वांग या भागातून गेला. महाराष्ट्रात शंभरावर संघाराम, म्हणजे मठ, आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचं त्यानं लिहून ठेवलं, आणि तिथे दोन्ही यानांचा अभ्यास चालतो, अशीही नोंद केली.

आणखी जवळ या. गदग जिल्ह्यात डंबळ नावाचं गाव आहे. तिथला १०९५ चा शिलालेख सोळा शेट्टींनी बांधलेल्या बुद्धविहाराबद्दल आणि भगवती तारा या बौद्ध देवीच्या विहाराबद्दल सांगतो. म्हणजे ज्या शतकात बौद्ध आचार्य अतीश दीपंकर तारेची उपासना घेऊन तिबेटात गेला, त्याच शतकात तारा आपल्या शेजारी धारवाडकडच्या व्यापाऱ्यांच्या विहारात होती. मुंडगोडच्या तिबेटी आजीबाई तारेचं नाव घेतात तेव्हा ‘हे काय चिनी-तिबेटी’ म्हणणाऱ्यांनी डंबळला एकदा जाऊन यावं. १११० च्या ताम्रपटात कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्यानं मिरजेच्या परिसरात तळं खोदून त्याच्या काठी शंकर, बुद्ध आणि जिन यांची मंदिरं उभारल्याचं लिहिलं आहे. बुद्ध या भागातून गेला तो आपल्याला वाटतं त्याहून फार उशिरा, आणि गेला तेव्हा त्याच्या शेजारी बरेच लोक राहत होते.

पण जुना काळ सोन्याचा होता, असं मला सांगायचं नाही. संघात भांडणं बुद्धाच्या हयातीतच झाली. कोसंबीची गोष्ट प्रत्येक विहारात वर्षातून एकदा तरी वाचली जावी, इतकी ती आपली आहे. एक धर्मकथिक, म्हणजे प्रवचन करणारा, भिक्खू शौचकुपातून बाहेर आला आणि भांड्यात थोडं पाणी शिल्लक राहिलं. विनयधर, म्हणजे संघाचे नियम जाणणारा, भिक्खू म्हणाला, हा दोष आहे. धर्मकथिक म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसेल तर दोष नाही, असं म्हणून विनयधर गेला खरा, पण आपल्या शिष्यांपाशी मात्र बोलला की त्याला दोष झालेलाही कळत नाही. शिष्यांनी शिष्यांना सांगितलं. बघता बघता बहिष्कार टाकला गेला, दोन तट पडले, उपासकांमध्येही फूट पडली. भगवंतांनी समजावलं. भिक्खू म्हणाले, भगवंतांनी सुखानं राहावं, हे भांडण आमचं आम्ही बघून घेऊ. तेव्हा बुद्ध त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले.

त्यानंतर भांडण मिटलं ते कोसंबीच्या साध्या उपासकांमुळे. त्यांनी ठरवलं, या भिक्खूंमुळे भगवंत गेले, तेव्हा यांना वंदन नाही, उठून उभं राहणं नाही, भिक्षा नाही. पात्रं रिकामी राहू लागली तेव्हा दोन्ही तट श्रावस्तीला जाऊन बुद्धापुढे उभे राहिले. पाण्याच्या भांड्यावरून सुरू झालेलं भांडण भाताचं वाढप बंद झाल्यानं थांबलं.

राजाच्या हुकुमानं असं भांडण क्वचितच नीट मिटलं आहे. अशोकानं सांची, सारनाथ, कौशांबीच्या स्तंभांवर कोरून ठेवलं की जो संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रं घालून विहाराबाहेर काढावं. निकाय तरीही वाढत गेले. लंकेत महासेन राजानं अभयगिरी विहाराची बाजू घेऊन त्याचा प्रतिस्पर्धी महाविहार पाडला, तेव्हा तिथले भिक्खू परागंदा झाले, आणि पुढे कित्येक शतकं दोन्ही विहारांतलं वैर धुमसत राहिलं. सत्ता एका बाजूला उभी राहिली की भांडण विचाराचं राहत नाही. आपल्याकडे तर हे दुप्पट खरं आहे. विहाराचा वाद सरकारी कचेरीत गेला की तिथे त्याला मराठी-कानडीचं शेपूट लागतं, आणि मग नवयान-थेरवाद बाजूलाच राहतं.

त्याच अशोकाचं दुसरं एक वचन कर्नाटकातच सापडलं आहे. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती इथे चंद्रलांबा देवीच्या आवारातल्या कालीच्या देवळाचं छत १९८६ मध्ये कोसळलं, आणि मूर्तीच्या बैठकीला लावलेली शिळा अशोकाचा लेख निघाली. त्या शिळेवर बारावा शिलालेख आहे. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो आपल्याच पंथाचे गोडवे गातो आणि दुसऱ्याची निंदा करतो, तो स्वतःच्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असा त्याचा आशय. शिक्षेच्या हुकुमापेक्षा हे समजुतीचं बोलणं मला अधिक जवळचं वाटतं.

आता आपल्या वादांकडे येते. विपश्यनेवरचा वाद सगळ्यांत तापलेला आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं, आणि गेल्या काही दशकांत आपल्या समाजातले हजारो लोक दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. माझं मत स्पष्ट आहे. निपाणीत दिवसभर विड्या वळणारी बाई, जिला जन्मात स्वतःसाठी सलग एक तास मिळालेला नाही, ती दहा दिवस मौनात बसून आली तर तिनं चळवळीशी गद्दारी केली असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. तिला तिथून झोप मिळाली असेल, धीर मिळाला असेल, नवऱ्यापुढे ठाम उभं राहायची ताकद मिळाली असेल. पण त्याच बाईला कुणी सांगू लागलं की, बाई, तुझं दुःख तुझ्या मनातल्या तृष्णेचं आहे, मजुरी कमी मिळते त्याचा विचार सोड, तर त्याला तिथेच अडवलं पाहिजे. मजुरीतली काटछाट मनातून निघत नाही, ती मुकादमाच्या वहीतून निघते. विपश्यना करणाऱ्यांनी हे मोकळेपणानं मान्य करावं आणि विरोध करणाऱ्यांनी त्या बाईची झोप मान्य करावी. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

धाग्याचा प्रश्न त्यामानानं छोटा आहे. परित्राणाचा धागा ही लंका-ब्रह्मदेशातली जुनी रीत आहे, त्यात वाईट हेतू नाही. पण आपल्या आजे-पणज्यांच्या मनगटातल्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला कुणाची तरी भीती बांधलेली होती, हे बाहेरून आलेल्या भंतेजींना ठाऊक नसतं. त्यांना ते आदरानं सांगावं. धागा मागितल्याशिवाय बांधू नये, बांधलेला कुणी ओढून तोडू नये.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड मानणार नाही, आणि ती म्हणजे जात. चीवर अंगावर आलं की जात गळून पडते असं आपण समजतो. लंकेचा इतिहास तसं सांगत नाही. १७५३ मध्ये सयामहून उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, आणून सयाम निकाय उभा राहिला. पुढे त्याचं दार गोविगाम या वरच्या मानलेल्या जातीपुरतंच उघडं ठेवलं गेलं. ज्यांना बाहेर ठेवलं ते ब्रह्मदेशात गेले, तिथून उपसंपदा घेऊन आले, आणि १८०३ च्या सुमारास अमरपूर निकाय सुरू झाला. बुद्धाच्या संघात जातीवरून झालेली ही फूट मला पाली-संस्कृतातल्या कुठल्याही मतभेदापेक्षा गंभीर वाटते. म्हणून परदेशातला भिक्खू, तिबेटी लामा, इंग्रज धम्मचारी, जपानी आचार्य, जो कुणी आपल्या विहारात बोलायला येईल, त्याच्यासमोर आधी बावीस प्रतिज्ञांचं वाचन व्हावं. त्यानं त्या घेतल्याच पाहिजेत असं नाही, पण आपण कुठून आलो ते कळल्याशिवाय त्यानं आपल्याला शिकवू नये. आणि हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. आपल्यातल्याच पोटजातींत मुलगी देता-घेताना अडखळणारे लोक विहारात बसून दुसऱ्याच्या यानाची परीक्षा घेतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मुंडगोडकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वादाची रीत. तिथल्या मठांच्या अंगणात भिक्खू जोडीजोडीनं वादाला बसतात. एक जमिनीवर बसलेला, दुसरा समोर उभा. उभा असलेला प्रश्न टाकतो आणि प्रश्न संपताना डावा पाय जमिनीवर दाणकन आपटत उजव्या तळव्यानं डाव्या तळव्यावर टाळी मारतो. बसलेल्याला भाषण करायची मुभा नाही. मान्य, कारण सिद्ध होत नाही, किंवा कारण आणि निष्कर्षाची व्याप्ती बसत नाही, अशा मोजक्या उत्तरांत त्यानं निभावायचं. त्यानं आधी मान्य केलेल्या गोष्टीच्या विरुद्ध उत्तर दिलं की सगळे ओरडतात. आणि हा सगळा तर्क धर्मकीर्ती या जुन्या बौद्ध तर्कपंडिताचा, म्हणजे भारतातला. आपल्याकडून गेलेलं हे शास्त्र हुबळीच्या पलीकडे रोज संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात चालू आहे, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना ग्रुपमधून काढतो आहोत.

ही रीत असली म्हणजे फूट पडत नाही, असंही नाही. दोर्जे शुगदेन या रक्षक-देवतेच्या उपासनेला दलाई लामांनी विरोध केला, १९९६ पासून तो अधिक कडक झाला, आणि २००८ मध्ये मुंडगोडच्या गांदेन मठातच दोन भाग होऊन शार गांदेन हा वेगळा मठ झाला. एका ताटात जेवलेले भिक्खू एकमेकांशी बोलेनासे झाले. प्रश्न तर्काचा न राहता निष्ठेचा झाला की अंगणातली टाळीही उपयोगी पडत नाही. हे तिथल्या लोकांनी सोसलं आहे, आणि आपल्याला ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

त्याच मुंडगोडला दुसरी एक घटना घडली, ती आपल्या बायांपर्यंत पोहोचलीच नाही. २०१६ च्या डिसेंबरात द्रेपुंग मठातल्या समारंभात वीस तिबेटी भिक्खुणींना गेशेमा ही पदवी दिली गेली. बौद्ध तत्त्वज्ञानातली सर्वोच्च पदवी, वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर मिळणारी, तोवर जवळजवळ फक्त भिक्खूंनाच मिळत आलेली. थेरवादात भिक्खुणी उपसंपदेवर अजून वाद चालू आहे. आणि आपल्याकडे, जिथे बाबासाहेबांनी बाईच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलं, तिथे विहार कमिटीत बाई किती असतात? बहुतेक ठिकाणी खीरदानाच्या पातेल्यापाशीच. म्हणजे या एका बाबतीत आपण ज्यांना मागासलेले, कर्मकांडी म्हणतो ते आपल्यापुढे एक पाऊल गेले आहेत. कुठलंही एक यान सगळ्या बाबतींत पुढे नसतं.

बोधगयेच्या महाबोधी महाविहारासाठी मात्र सगळे एकत्र येतात. १९४९ च्या बिहारच्या कायद्यानं तिथल्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले. तो कायदा रद्द व्हावा म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीपासून झालेल्या आंदोलनात वेगवेगळ्या परंपरांचे भिक्खू आणि महाराष्ट्र-कर्नाटकातले उपासक शेजारी शेजारी बसले. बोधगयेला जमतं ते चिकोडीला का जमू नये?

जमवायचं असेल तर सुरुवात किल्लीपासून करावी. विहाराची किल्ली वस्तीतल्या महिला मंडळाकडे द्यावी, कुठल्याही कमिटीच्या अध्यक्षाकडे नको. वंदना सगळ्यांना येते, ती पालीत व्हावी, मग बोलणाऱ्यानं मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलावं आणि दुसऱ्या भाषेत चार वाक्यांत सांगणारं कुणीतरी शेजारी उभं असावं. आपल्या पोरांना दोन्ही भाषा येतात, हे काम ती आनंदानं करतील. ज्या गटाला विहार फोडायचा असेल त्याच्या कार्यक्रमाला वर्गणी नाही, भोजनदान नाही, मांडव नाही. कोसंबीच्या लोकांनी याहून जास्त काही केलं नव्हतं. आणि घरोघरी जाऊन दाखल्याचा नियम समजावून सांगणारी चार माणसं प्रत्येक परंपरेनं द्यावीत. पुढच्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात यान विचारणार नाहीत, बौद्ध एवढंच लिहायचं आहे, आणि जातीच्या रकान्यात जात लिहिली म्हणून धम्म बुडत नाही.

वाद करायचा तो वर्षावासात करावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत बहुतेक विहारांत ग्रंथवाचन चालतंच. त्या तीन महिन्यांत एक रविवार वादासाठी राखून ठेवावा. मुंडगोडहून एका गेशेमांना बोलवावं, बंगळूरहून एका भंतेजींना, इगतपुरीला जाऊन आलेल्या एखाद्या विडी कामगार बाईला, आणि आपल्यातल्या एका कट्टर आंबेडकरी शिक्षकाला. तिबेटीतून समजावणारा दुभाषी मुंडगोडलाच मिळेल, तिथली नवी पिढी कन्नड बोलते. विषय मी सुचवते: दुःखाचं मूळ तृष्णेत की शोषणात. एकानं बसायचं, एकानं उभं राहायचं, आणि उत्तर देताना आधी मान्य केलेलं विसरायचं नाही. निपाणीत असा रविवार कुणी ठरवला तर सतरंज्या अंथरायला मी येईन.